विमानतळ चालवणाऱ्यांना खुलं पत्र: पहिल्यांदा येणाऱ्या माणसासाठी चार पानं लिहा

जगभरातल्या विमानतळांचे संचालक, टर्मिनल व्यवस्थापक आणि प्रवाशांसाठी माहिती लिहिणारे सर्वजण यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसलो ते माझ्या आत्यामुळे. आत्या अडुसष्ट वर्षांची. आयुष्यात पहिल्यांदा एकटी विमानाने निघाली होती. विमान सुटायच्या साडेतीन तास आधी ती टर्मिनलमध्ये पोहोचली. बॅग दिली, सुरक्षा तपासणी पार पडली. बोर्डिंग पासवर गेट १४ छापलं होतं. विचारत विचारत ते तिने शोधलं आणि दारासमोरच्या पहिल्याच खुर्चीवर जाऊन बसली. तिथून ती हलली नाही. पाणी आणायला उठली नाही, स्वच्छतागृहात गेली नाही. आपण उठायचो आणि नेमकं तेवढ्यात दार उघडायचं, या धास्तीने.

दोन तास गेले. गेटपाशी गर्दी वाढायच्या ऐवजी पांगायला लागली, तेव्हा तिने धीर करून शेजारच्या माणसाला पास दाखवला. विमानाचं गेट केव्हाच बदललं होतं. आता ते ३१ होतं. बॅग सावरत, दुखरा गुडघा ओढत ती तिथे पोहोचली तेव्हा दार बंद झालं होतं. काचेपलीकडे विमान उभं होतं, डोळ्यांना दिसत होतं.

तिथल्या व्यक्तीने तिला सांगितलं की घोषणा केली होती आणि फलकावरही बदल दाखवला होता. दोन्ही गोष्टी खऱ्याच असणार. पण घोषणेतली भाषा आत्याला येत नव्हती आणि फलक तिच्या पाठीमागे होता. मला तिचा फोन आला. आवाज कापत होता. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अरे, मी जागेवरून उठलेच नाही रे."

तो विमानतळ कुठला, हे मी लिहीत नाही. हे तुमच्यापैकी कुणाकडेही घडू शकतं आणि घडत असतं.

आमच्या घरातलं कुणी पहिल्यांदा विमानाने निघालं की मी त्याला एक चिठ्ठी लिहून देतो. वहीचं पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं, चार घड्या घालून पाकिटात मावेल असं. गेली कित्येक वर्षं हे चालू आहे. आत्यालाही दिली होती. त्या चिठ्ठीत सगळं होतं, पण गेट बदलू शकतं हे वाक्य नव्हतं. ती चूक माझी, आणि ती मला फार लागली आहे. पण त्यानंतर मी एक गोष्ट केली. वेगवेगळ्या विमानतळांच्या संकेतस्थळांवरच्या प्रवासी मार्गदर्शिका बसून वाचल्या. पार्किंग कुठे, लाउंज कुठे, दुकानं किती, वायफाय कसं जोडायचं, हे सगळं त्यात ठळक होतं. विमान चुकू नये म्हणून काय माहीत असावं लागतं, ते एकतर नव्हतं किंवा कुठेतरी तळाशी बारीक अक्षरात होतं.

तुम्ही रोज त्या इमारतीत वावरता, म्हणून तिथल्या रीती तुम्हाला उघड वाटतात. नव्या माणसाला त्यातलं काहीच उघड नसतं. बसस्थानकावर चुकलं तर पुढची बस मिळते. रेल्वेत चुकीच्या डब्यात चढलो तर आतून चालत जाता येतं. विमानतळावर एका चुकीला तिकीट जातं, दिवस जातो आणि माणूस पुढची कित्येक वर्षं एकट्याने प्रवास करायला घाबरतो. म्हणून माझी मागणी एवढीच आहे: पहिल्यांदा येणाऱ्या माणसासाठी चार पानं लिहा. घरातून निघण्यापासून विमानातल्या जागेवर बसेपर्यंत काय केव्हा होतं आणि का होतं, हे त्यात असू द्या.

सुरुवात वेळेपासून करा, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. तिकिटावर दहाची वेळ छापलेली असते. नवा माणूस ती रेल्वेच्या वेळेसारखी वाचतो, म्हणजे दहाला पाच कमी असताना दारात असलं तरी चालेल. पण दहा ही विमानाने जागा सोडून मागे सरकायची वेळ असते. दार त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच बंद होतं, काही ठिकाणी त्याहूनही आधी. बॅगा घेणारं काउंटर साधारण पाऊण ते एक तास आधी बंद होतं. म्हणजे प्रवाशासाठी कामाची वेळ दहा नसतेच. त्याच्या दृष्टीने खऱ्या वेळा चार: बॅग देण्याची शेवटची, गेट जाहीर होण्याची, विमानात सोडायला सुरुवात होण्याची आणि दार बंद होण्याची. बोर्डिंग पासवर यातली एखादी असते, बाकीच्या शोधाव्या लागतात. या चारही वेळा एकाखाली एक, मोठ्या अंकांत लिहायला काय हरकत आहे?

आणि दार आधी का बंद होतं, तेही सांगा. विमान समोर उभं असताना आत घेत नाहीत म्हटल्यावर माणसाला तो निव्वळ उद्दामपणा वाटतो. आत्यालाही तसंच वाटलं. मग मी तिला समजावलं की दार बंद झाल्यावर माणसांची मोजणी पक्की होते, माणसं, सामान आणि इंधन यांच्या वजनाचा हिशोब वैमानिकाच्या हाती जातो आणि त्यावर उड्डाणाची गणितं बसतात. जो प्रवासी आलाच नाही त्याची बॅग विमानाच्या पोटात असेल, तर ती शोधून खाली उतरवावी लागते, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मालकाशिवाय बॅग अशीच जाऊ देत नाहीत. तिचीही उतरवली होती. हे ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी दर दहा मिनिटांनी उठून विचारलं असतं." मला तुमच्यापर्यंत पोहोचवायचं आहे ते हेच. नुसती सूचना माणूस विसरतो. कारण कळलं की ती त्याच्या लक्षात राहते.

गेट का बदलतं, हेही लिहा. आधीचं विमान उशिरा आलं, ठरलेल्या जागी दुसरं अडकून पडलं, मोठ्याऐवजी लहान विमान आलं, अशी साधीच कारणं असतात. पासवरचा गेट क्रमांक हा पास छापला त्या वेळचा असतो आणि शेवटचा शब्द फलकाचा असतो, हे ज्याला ठाऊक आहे तो फलक दिसेल अशाच खुर्चीत बसतो.

अंतराचंही तसंच. वर्षाला दहा कोटींहून जास्त प्रवासी हाताळणाऱ्या अटलांटाच्या विमानतळावर इमारतींमधून जायला जमिनीखालून रेल्वे आहे. एवढा पसारा सगळीकडे नसला तरी मध्यम आकाराच्या टर्मिनलमध्येही शेवटच्या गेटपर्यंत चालत जायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. काही विमानतळांनी फलकांवर बाणाच्या शेजारी 'चालत १२ मिनिटं' असं लिहायला सुरुवात केली आहे. अंगावर आलेली घाई त्या तीन शब्दांनी कितीतरी कमी होते. बाकीच्यांनीही ते करावं, आणि मिनिटं मोजताना काठी घेतलेल्या किंवा कडेवर मूल असलेल्या माणसाच्या चालीने मोजावीत.

अलीकडे बऱ्याच ठिकाणी ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा बंद किंवा अगदी कमी केल्या आहेत. शांतता मलाही आवडते. सतत कानावर आदळणाऱ्या घोषणांमध्ये कामाची घोषणा हरवते, हेही खरं. पण घोषणा काढून घेतल्यावर, ज्याला फलक वाचता येत नाही, ज्याची नजर अधू आहे किंवा ज्याला ती लिपीच येत नाही, त्याच्यासाठी तिच्या जागी काय ठेवलं? फोनवर संदेश येतो म्हणाल, तर त्या विमानतळाच्या वायफायला जोडून घेणं हेच अनेकांना जमत नाही. माझी विनंती साधी आहे. गेट बदललं की जुन्या गेटवर अर्धा तास एक माणूस उभा करा, हातात नव्या गेटचा आकडा लिहिलेली पाटी घेऊन. आकडे बहुतेक सगळ्यांना वाचता येतात. त्या दिवशी गेट १४ वर अशी एक पाटी असती तर आत्या विमानात असती.

आता बॅगेच्या टॅगविषयी, कारण ही चिकटपट्टी म्हणजे काय ते प्रवाशाला कुणी कधी समजावून सांगत नाही. काउंटरवरची व्यक्ती बॅगेच्या मुठीला एक लांब कागदी पट्टी अडकवते, तिचाच एक छोटा तुकडा पासच्या किंवा पासपोर्टच्या मागे चिकटवते आणि बॅग पट्ट्यावरून आत जाते. सगळं अर्ध्या मिनिटात. त्या पट्टीवर तीन मोठी अक्षरं असतात, तो बॅग जिथे उतरणार त्या विमानतळाचा संकेत. खाली दहा आकड्यांचा क्रमांक असतो आणि तोच त्या छोट्या तुकड्यावर असतो. म्हणजे तो तुकडा ही बॅगेची पावती. मी चिठ्ठीत नेहमी लिहितो: बॅग हलण्याआधी ती तीन अक्षरं वाच आणि तिकिटावरच्या अक्षरांशी जुळव.

कारण नावं फसवतात. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा संकेत एसवायडी, आणि कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातही एक सिडनी आहे, तिचा वायक्यूवाय. पहिल्या सिडनीला निघालेले प्रवासी दुसऱ्या सिडनीत उतरल्याचे प्रकार खरोखर घडले आहेत. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा संकेत एसजेसी, कोस्टा रिकाच्या राजधानीचा एसजेओ, एका अक्षराचा फरक. तिकीट काढतानाही हीच तीन अक्षरं तपासावीत. एकाच शहराला दोन-चार विमानतळ असतात तिथे तर नक्कीच. लंडनच्या नावाने सहा विमानतळ ओळखले जातात. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असेल, तर मध्ये अख्खं शहर ओलांडावं लागतं. मार्गदर्शिकेत एका खऱ्या टॅगचं मोठं छायाचित्र छापा आणि त्यातल्या प्रत्येक भागाला बाण काढून नाव द्या. तेवढ्याने पुष्कळ काम होईल. जुने टॅग फाडून टाकायलाही सांगा. मागच्या प्रवासाची पट्टी तशीच लटकत राहिली की यंत्र गोंधळतं.

सुरक्षा तपासणीच्या रांगेत मी अनेकदा बाजूला उभा राहून माणसांचे चेहरे पाहिले आहेत. नागमोडी रांगेत सगळे स्वस्थ असतात. ट्रे हातात आला की चेहरा बदलतो. पट्टा काढायचा का? बूट? लॅपटॉप बाहेर ठेवायचा की आतच? मागचा माणूस उसासा टाकतो. समोरची व्यक्ती दिवसभरात हजाराव्यांदा तेच वाक्य उच्चारते आणि त्यामुळे ते तुटक येतं. एक गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर इतके गांगरले की चष्मा ट्रेमध्ये टाकून बसले आणि मग पुढे कुठे जायचं तेच त्यांना दिसेना. हात पुढे करून चाचपडत ते त्या चौकटीतून गेले. पलीकडे गेल्यावर ट्रे आला, चष्मा सापडला, पण नाकावर चढवताना त्यांची बोटं थरथरत होती.

यातला बराचसा गोंधळ नियम जागोजाग वेगळे असल्याने होतो. नव्या पद्धतीची स्कॅनर यंत्रं आली तिथे लॅपटॉप आणि द्रव पदार्थ बॅगेतच ठेवायला सांगतात. जुनी यंत्रं आहेत तिथे बाहेर काढायला सांगतात. काही ठिकाणी एकाच टर्मिनलच्या दोन रांगांत दोन नियम. तेव्हा 'या रांगेत आज काय काढायचं' हे रांगेच्या तोंडाशी, चित्रांसह लिहा. ट्रेपाशी लिहून उपयोग नाही, तोवर हात भरलेले असतात.

बाटल्यांच्या नियमामागचा इतिहासही सांगावा. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एक कट उघडकीस आला. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत पेयांच्या बाटल्यांमधून द्रवरूप स्फोटकं न्यायची, असा तो बेत होता. त्यानंतर १०० मिलिलिटरची मर्यादा आली आणि अशा लहान बाटल्या सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत असं ठरलं. जिथे ही मर्यादा अजून लागू आहे, तिथे ती बाटलीच्या आकाराला आहे. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी चमचाभर तेल उरलं असेल तरी ती जात नाही. लोकांचा वाद होतो तो नेमका इथे. बाळाचं दूध आणि लागणारी औषधं यांना बहुतेक ठिकाणी सूट असते, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात. लहान मूल घेऊन निघालेल्या आईला हे घरीच कळलं पाहिजे.

पॉवर बँकेचं तर कारण सांगितल्याशिवाय भागतच नाही. सुरी-कात्रीसारख्या वस्तू सोबत नेऊ नका, पोटातल्या सामानात टाका असं सांगतात, मग ही वस्तू मात्र सोबतच ठेवा असं का? लिथियमची बॅटरी बिघडली की आतल्या आत तापत जाते, पेटते आणि विझवल्यासारखी वाटली तरी पुन्हा भडकते. केबिनमध्ये असेल तर कर्मचाऱ्यांना दिसते, पाणी मारून थंड करता येते. विमानाच्या पोटात तिच्यापर्यंत कुणी पोहोचूच शकत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे (बॅटरीत किती ऊर्जा मावते, त्याचं हे माप). त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठी चालत नाही. अडचण अशी की दुकानात पॉवर बँक विकतात ती मिलीअँपिअर-अवरवर. हिशोब सोपा आहे: २०,००० मिलीअँपिअर-अवर म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॉट-अवर. चालते. हे एक उदाहरण छापलं तर प्रत्येकाला आपापली पॉवर बँक तपासता येईल.

व्हीलचेअरबद्दल थोडं मोकळेपणाने बोलायचं आहे. माझ्या सासूबाई सपाटीवर अर्धा किलोमीटर आरामात चालतात. जिना मात्र एक पायरीही चढवत नाही. त्यांना काउंटरवर विचारलं गेलं, "व्हीलचेअर हवी?" त्या संकोचून "नको" म्हणाल्या. त्या दिवशी विमान दूर उभं होतं. बसने तिथे नेलं आणि समोर विमानाचा उभा जिना. दोन परक्या माणसांनी दंडाला धरून त्यांना वर चढवलं. खाली रांग खोळंबली होती आणि त्या प्रत्येक पायरीला "माफ करा" म्हणत होत्या.

खरं तर विमान क्षेत्रात यासाठी तीन वेगळे संकेत आहेतच. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, तो एक. जिनाही चढवत नाही पण विमानात आपल्या जागेपर्यंत जाता येतं, तो दुसरा. जागेपर्यंतसुद्धा न्यावं लागतं, तो तिसरा. ही विभागणी तुमच्या संगणकात आहे, प्रवाशाच्या कानावर ती कधीच येत नाही. "व्हीलचेअर हवी का" ऐवजी "जिना चढता येतो का, लांब चालवतं का" एवढं विचारा. मानी माणूसही खरं उत्तर देईल. मदत हवी असल्यास किती आधी कळवायचं, तेही पहिल्या पानावर लिहा. युरोपच्या २००६ च्या नियमात ४८ तास आधी असं स्पष्ट म्हटलं आहे. आणि एकदा माणूस खुर्चीत बसला की त्याला भिंतीकडे तोंड करून सोडून जाऊ नका. किती वेळात परत येणार ते सांगा, मग जा.

जे अपंगत्व दिसत नाही त्यासाठी लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलांचं चित्र असलेली हिरवी फीत सुरू झाली. गळ्यात ती असली की कर्मचारी ओळखतात, या माणसाला थोडा जास्त वेळ लागेल, थोडं हळू बोलावं लागेल. आज ती अनेक देशांतल्या विमानतळांवर मिळते. पण मिळते हे कुणाला ठाऊक असतं? मतिमंद मूल, विसराळूपणाचा आजार असलेले वडील, गर्दीने घाबरणारी मुलगी यांना घेऊन निघणाऱ्या घरांपर्यंत ही माहिती आधी पोहोचली पाहिजे.

मधल्या विमानतळावर विमान बदलणाऱ्यांसाठी एक परिच्छेद पुरे, पण तो हवाच. पूर्ण प्रवास एका तिकिटावर असेल तर बॅग बहुधा शेवटपर्यंत जाते, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय विमान कंपनी करते. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर मध्ये बॅग स्वतः उचलून पुन्हा द्यावी लागते आणि चुकलेलं विमान आपल्या खिशातून जातं. दुसऱ्या देशात असं करायचं तर बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि त्यासाठी व्हिसा लागू शकतो. तिकीट काढताना दीड तास पुरेसा वाटतो. मधल्या विमानतळावर उभं राहिल्यावर तो पुरत नाही.

उतरल्यावर माणूस दमलेला असतो, म्हणून तिथली माहिती अगदी थोडक्यात असावी. बॅग आली नाही किंवा फुटून आली तर त्या दालनातून बाहेर पडायचं नाही. आधी विमान कंपनीच्या सामान-काउंटरवर लेखी तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक घ्यायचा. १९९९ च्या मॉन्ट्रिअल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. बॅगांच्या पट्ट्याशेजारच्या खांबावर हे लावलेलं असेल, तर पट्टा रिकामा फिरायला लागल्यावर हताश उभ्या असलेल्या माणसाला निदान पुढचं पाऊल कळेल.

ही माहिती कशी मांडायची याचे उत्तम धडे तुमच्याच क्षेत्रात आहेत. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर १९६७ साली बेनो व्हिसिंग या डच रचनाकाराने पाट्यांना रंगांची शिस्त लावली. विमानाकडे नेणाऱ्या पाट्या पिवळ्या, बाकीच्या हिरव्या. पिवळ्याच्या मागे चालत राहिलं की विमान येतं, एवढं माणसाला कळलं तरी पुरे. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळासाठी एड्रियन फ्रुटिगर यांनी खास अक्षरं घडवली, लांबून आणि तिरक्या कोनातून, चालता चालता वाचता यावीत अशी. घाईत असलेल्या माणसाच्या डोळ्याचा इतका बारीक विचार पन्नास वर्षांपूर्वी झाला आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक ज्यावर चालते त्या १९४४ च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टाचं तर नावच सुलभीकरण आहे.

आणि विचार केला नाही तर काय होतं, तेही तुम्ही पाहिलं आहे. मार्च २००८ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल ५ उघडलं. पहिल्या सकाळी खुद्द तिथल्या कर्मचाऱ्यांनाच गाडी कुठे लावायची आणि कामाच्या जागी कसं पोहोचायचं ते सापडेना. हजारो बॅगा अडकल्या, विमानं रद्द झाली. इमारत देखणी होती. तिच्यात रोज काम करणार होते त्यांनाही ती नवी होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. तुमच्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांसाठी प्रत्येक दिवस तसाच पहिला दिवस असतो.

म्हणून चार पानं लिहून झाली की ती छापण्याआधी एक करा. कधीही विमानात न बसलेली पाच माणसं बोलवा. वेगवेगळ्या वयाची, त्यात एकजण फारसं न शिकलेला. त्यांच्या हातात ती पानं द्या, खोटा बोर्डिंग पास द्या आणि मुख्य दारापासून गेटपर्यंत जायला सांगा. मध्ये एकदा गेट बदला. तुम्ही मागे चालत राहा आणि काहीही बोलू नका. ती जिथे थबकतील, मान वर करून इकडेतिकडे पाहतील, ती जागा वहीत टिपून ठेवा. पाटी तिथे लावायची. मग पानं पुन्हा लिहा, तिथल्या लोकांच्या भाषेत आणि तिथून सर्वांत जास्त विमानं जिथे जातात त्या ठिकाणांच्या भाषांत. मोठ्या अक्षरांत छापून मुख्य दाराशी ठेवा. फोनवरही द्या, पण कागद ठेवा. घाबरलेल्या माणसाला हातात धरायला कागद बरा वाटतो, हे मी माझ्या चिठ्ठ्यांवरून सांगतो. परत आल्यावर बहुतेकांनी त्या मला दाखवल्या आहेत, घामाने मऊ पडलेल्या, घड्यांवर फाटलेल्या.

आत्या पुढच्या महिन्यात पुन्हा निघते आहे. बरेच दिवस ती नाही म्हणत होती, आता तयार झाली. तिची नवी चिठ्ठी मी काल लिहिली. पहिल्या ओळीत, लाल पेनने: "गेट बदलू शकतं. फलक दिसेल तिथे बस. दर पंधरा मिनिटांनी उठून बघ, आणि नीट दिसलं नाही तर कुणालाही विचार." तिने ती वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "माझ्यासारखी दुसरी कुणी तिथे बसलेली दिसली तर तिलाही दाखवते." ही पहिली ओळ तुम्ही जशीच्या तशी उचलून प्रत्येक गेटसमोर लावलीत तर माझी काहीही हरकत नाही.

कळावे,
आपला,
एक प्रवासी